गोष्ट, हुंकार आणि यंत्र

हल्लीच्या मुलांना गोष्ट सांगायला घरात कोणी उरले नाही, आणि जे उरले आहेत त्यांच्या हातात मोबाईल आहे, ही तक्रार आज सभेत, लग्नघरी, रेल्वेच्या डब्यात सर्वत्र ऐकू येते. तक्रार खोटी नाही. पण ती नवी आहे असे समजून जे लोक घाईने निष्कर्ष काढतात, त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. गोष्ट सांगणारी माणसे संपत चालल्याचे दुःख आपल्या प्रांतात निदान दीडशे वर्षे तरी चालू आहे, आणि त्याला लेखी पुरावा आहे.

१८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर हे दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाले होते. त्यांची मुलगी मेरी बरोबर होती. छावणीत सोबतीला दुसरी बाई नाही, मुक्काम लांबलांबचे; तेव्हा वेळ जावा म्हणून तिने आपल्या आयेला गोष्टी सांगायला लावल्या. या आयेचे नाव ॲना लिबेराता डिसोझा. घराणे मूळचे लिंगायत, आजोबांच्या काळात गोव्याच्या बाजूला येऊन राहिलेले आणि तिथेच ख्रिस्ती झालेले. ॲनाने या साऱ्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकल्या होत्या. ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगे, मेरी लिहून घेई. १८६८ साली लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने त्यांचे पुस्तक निघाले. दख्खनच्या लोककथांचा हा पहिल्या काही छापील संग्रहांपैकी एक. त्यात ॲनाची स्वतःची हकीकतही दिली आहे, आणि आमच्या दृष्टीने पुस्तकाचा तोच भाग अधिक मोलाचा आहे. कारण तिथे ही बाई सांगते की, आपल्या लहानपणी म्हातारी माणसे गोष्टी सांगण्यात रमत असत; आताच्या म्हाताऱ्यांना पैसा मिळवण्याखेरीज कशातच गोडी उरलेली दिसत नाही.

हे १८६५ सालचे बोलणे आहे. तेव्हा आगगाडी बोरघाट चढून गेल्याला जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती. आकाशवाणी नव्हती, बोलपट नव्हता, दूरचित्रवाणी नव्हती. तेव्हा दोष कुणा यंत्राला देण्याची सोय ॲनाला नव्हती. तिने तो सरळ माणसांना दिला. आम्हाला तिचा हा रोखठोकपणा आवडतो.

पण पुस्तक झाले तेव्हा गोष्टीतून काय गळून पडले, हेही पाहिले पाहिजे. शब्द राहिले, राजे आणि राण्या राहिल्या, राक्षसाचा जीव कुठल्या पोपटात आहे तेही राहिले. गेली ती ऐकणाऱ्याची बाजू. मेरीने मधे काय विचारले, ती कुठे हसली, कुठे ‘पुढे काय झाले’ म्हणून उतावीळ झाली, हे पुस्तकात नाही. लिहून घेणारीने स्वतःलाच पुसून टाकले. छापील गोष्टीचा तो धर्मच आहे, त्याबद्दल मेरीला बोल लावण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे गोष्ट सांगणारा माणूस ऐकणाऱ्याकडून एका गोष्टीची अपेक्षा करतो : हुंकाराची. अंथरुणावर पडलेल्या नातवाला आजी बजावते, ‘हूं म्हणत राहा, नाहीतर मी थांबले.’ हुंकार थांबला की मूल झोपले असे समजावे, हा त्यातला व्यवहार. पण त्यापेक्षाही मोठी गोष्ट अशी की, हुंकाराच्या स्वरावरून सांगणारा आपली गोष्ट वळवतो. हुंकार घाबरलेला आला तर वाघ जरा लांब उभा करतो. कंटाळलेला आला तर राजाची वंशावळ आटोपती घेतो. एकच गोष्ट दोन नातवंडांना दोन प्रकारांनी सांगितली जाते, ती यामुळे. तेव्हा गोष्टीचा अर्धा कर्ता ऐकणारा असतो, असे म्हटले तर ते अलंकारिक बोलणे होणार नाही.

जुन्या बायकांना हे पक्के ठाऊक होते. श्रावणातल्या आदित्यराणूबाईची कहाणी पाहा. तिच्यात कहाणी सांगायची तर आधी ऐकणारा शोधावा लागतो. आपल्यासारखा उपाशी माणूस गाठावा लागतो, आणि जवळच्या सहा मोत्यांपैकी तीन त्याला द्यावी लागतात, तीन आपण ठेवावी लागतात. वाटणी अगदी निम्मी! सांगणारीने मन लावून सांगायचे, ऐकणाऱ्याने चित्त देऊन ऐकायचे, तरच फळ. कहाणीच्या शेवटी साठ उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत सुफळ झाल्याचे सांगण्याची रीत आहे. त्या ‘उत्तरां’चा अर्थ पंडितांनी काहीही लावावा, पण प्रश्नोत्तरांवाचून कहाणी नाही, एवढा बोध आम्ही तरी त्यातून घेतो.

यानंतर छापखान्याचा काळ आला. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी ‘आनंद’ मासिक काढले. पुढे बालवाङ्मयाची पुस्तके निघाली, चित्रे आली. छापील पुस्तकाने सांगणाऱ्याला मारले असे आम्हाला दिसत नाही. उलट आजीचा साठा संपला की आई मासिकातून नवा भरणा करू लागली. या प्रकरणावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही. विचार करायला लावणारी माणसे दुसरीच आहेत, आणि ती पुस्तके हाताशी असूनही तोंडाने सांगण्याकडे वळलेली आहेत.

त्यातले एक भावनगरचे गिजुभाई बधेका. वकिली सोडून ते शिक्षणात आले आणि १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. गोष्ट सांगण्याचे शास्त्र असते असे मानून त्यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ पुस्तकातला शिक्षक दंगा करणाऱ्या वर्गात पाऊल टाकतो, आणि तो वर्ग काबूत येतो तो छडीने नव्हे, दिवसांमागून दिवस चालणाऱ्या गोष्टीने. वरिष्ठ अधिकारी मात्र विचारतात, हे ठीक, पण अभ्यासाचे काय? हा प्रश्न अद्याप जुना झालेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात गोष्टीच्या द्वारे शिक्षण देण्याचा उल्लेख आहे. वेळापत्रकात गोष्टीचा तास शोधू लागले की कोणत्याही शाळेतला मुख्याध्यापक गिजुभाईंच्या त्या अधिकाऱ्यासारखाच घड्याळाकडे पाहतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे काम महाराष्ट्रात आणले. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तिथे त्यांना अनुताई वाघ मिळाल्या, आणि १९५७ मध्ये त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलांमध्ये जाऊन बसले. कोसबाडचे नाव पुढे पुन्हा घ्यावे लागणार आहे.

दुसरे अर्थातच साने गुरुजी. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिली गेली, हे सर्वांना माहीत असते. तिची बांधणी मात्र थोडे लोक लक्षात घेतात. तिच्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम सांगतो, मुले आणि आजूबाजूची माणसे जमतात, मधे बोलतात, विचारतात, दुसऱ्या दिवशी वाट पाहतात. घाईचे वाचक हा भाग ओलांडून सरळ आईकडे जातात. आम्हाला वाटते, गुरुजींनी तो पाल्हाळ म्हणून लिहिलेला नाही. अमळनेरच्या छात्रालयात मुलांमध्ये राहिलेल्या या शिक्षकाला ऐकणाऱ्यांवाचून गोष्ट सुचतच नव्हती. तेव्हा कोठडीत बसून त्यांनी आधी ऐकणारे निर्माण केले आणि मग गोष्ट सांगितली. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी या पुस्तकाचा चित्रपट केला, त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले आणि आई घराघरांत पोचली. चित्रपटात आई आहे, श्याम आहे. पण ज्यांनी बेचाळीस रात्री हुंकार दिला त्यांना पडद्यावर पुस्तकातली जागा राहिली नाही. गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामाला उभी केली, ती जणू हीच उणीव भरून काढण्यासाठी. गावोगावच्या शाळांत माणसाने उभे राहून मुलांना गोष्ट सांगायची, एवढाच तिचा साधा खटाटोप होता. आम्हाला त्याचे मोल फार वाटते.

यंत्र आणि गोष्ट सांगणारा यांची समोरासमोर गाठ पडली तर काय होते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मात्र आपल्याकडे सापडत नाही. त्यासाठी जपानला जावे लागते.

तिथे १९३० च्या सुमारास टोक्योच्या गल्लीबोळांतून एक नवा धंदा सुरू झाला. त्याचे नाव ‘कामिशिबाई’, म्हणजे कागदाचे नाटक. सायकलच्या मागे लाकडी चौकट बांधलेली, तिच्यात हाताने रंगवलेल्या चित्रांचा गठ्ठा, खाली गोळ्यांचा खण. चौकात आल्यावर तो माणूस लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटी. मुले धावत येत. जो गोळी विकत घेईल तो पुढे उभा राही, न घेणारा मागे. मग एकेक चित्र सरकवत माणूस गोष्ट सांगे, राक्षसाचा आवाज काढी, घोडा दौडवी, आणि नेमका नायक कड्यावरून लोंबकळत असताना चित्रे गुंडाळून पुढच्या गल्लीत निघून जाई. उरलेले उद्या! ‘ओगोन बॅट’, म्हणजे सोनेरी वटवाघूळ, या कवटीच्या तोंडाच्या वीरपुरुषाची मालिका इतकी गाजली की पुढे चित्रकथांत आणि चित्रपटांत त्याला जागा मिळाली. चित्रे धंदेवाल्यांकडून रोजच्या भाड्याने मिळत आणि एका सांगणाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत.

हे सांगणारे कोण होते? मंदीने बेकार झालेले पुष्कळ होते. पण त्यांत एक वर्ग विशेष होता. जपानात मूकपटाच्या शेजारी उभे राहून कथा सांगणारे ‘बेन्शी’ असत. त्यांची नावे नटांपेक्षा मोठ्या अक्षरांत लागत. बोलपट आला आणि त्यांची भाकरी गेली. त्यातले कित्येक सायकल घेऊन रस्त्यावर आले. म्हणजे एका यंत्राने हाकललेला माणूस कागदाच्या चित्रांनी पुन्हा उभा राहिला. युद्धकाळात सरकारने याच चौकटीतून प्रचार करून घेतला, ती कथा काही भूषणाची नाही. युद्धानंतर बेचिराख शहरांत, खायची भ्रांत असताना, कामिशिबाईला पुन्हा बहर आला.

मग १ फेब्रुवारी १९५३ रोजी तिथे दूरचित्रवाणी सुरू झाली. संच घेण्याची ऐपत थोड्यांना होती, म्हणून चौकाचौकांत सार्वजनिक संच ठेवले गेले, आणि माणसांचे थवे त्यांच्याभोवती जमू लागले. लोकांनी या नव्या पेटीला नाव काय दिले? ‘विजेची कामिशिबाई’! ज्याला मारायचे त्याचेच नाव घेऊन मारेकरी आला. पंधरा वर्षांच्या आत सायकलवाले जवळजवळ नाहीसे झाले. चित्रकार चित्रकथांच्या मासिकांकडे वळले. शिगेरू मिझुकी हे पुढे जपानभर गाजलेले नाव या धंद्यातूनच वर आलेले आहे.

इथवर गोष्ट आपल्या तक्रारखोरांना सोयीची आहे. पण ती इथे संपत नाही. १९३० नंतरच्या काळातच योने इमाई, गोझान ताकाहाशी अशा काही शिक्षकवृत्तीच्या माणसांनी ही चौकट रस्त्यावरून उचलून बालवर्गात आणली होती. चित्रे छापलेली, मजकूर पाठीमागे, म्हणजे कोणत्याही बाईंना सांगता यावी अशी सोय. रस्त्यावरची कामिशिबाई गेली, ही राहिली. आजही जपानच्या बालवाड्यांत आणि ग्रंथालयांत ती चालते. युरोपातल्या ग्रंथालयांनीही ती उचलली आहे. याचा अर्थ आम्ही असा लावतो : जिथे सांगणाऱ्याचे पोट मुलांच्या पैशावर होते तिथे यंत्र जिंकले, कारण यंत्र स्वस्त पडते. जिथे मुलांपाशी बसणे हे कोणाचे तरी नेमलेले काम होते तिथे यंत्राला शिरकाव मिळाला नाही. आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपराही चित्रे दाखवून रामायण-महाभारत सांगते. ती काही केवळ मुलांसाठी नव्हे, आणि तिला संस्थानचा आणि देवळाचा आधार होता. तो आश्रय सुटल्यावर ती दोन-चार घरांच्या हट्टावर जगली. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे शहरांतल्या पुष्कळांना पिंगुळीचे नाव कळले.

आपल्याकडे यंत्रे जरा सौम्य रूपात आली. पुणे आकाशवाणीवर ‘बालोद्यान’ होते, गोपीनाथ तळवलकर त्यातले ‘नाना’. गंमत अशी की, नभोवाणीवरच्या या मंडळींना मुलांच्या आवाजावाचून करमत नसे. समोर चार मुले बसवून त्यांच्याशी बोलायचे आणि घरोघरच्या मुलांनी ते ऐकायचे, अशी तऱ्हा होती. म्हणजे उसना का होईना, हुंकार त्यांना हवा होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण बरीच वर्षे संध्याकाळचे मोजके तासच. रात्री दिवे गेले की आजी पुन्हा मोकळी! २०१६ नंतर मोबाईलवरची माहिती अतिशय स्वस्त झाली, तेव्हा मात्र हा तह मोडला. आता यंत्र बंद होण्याची वेळ उरली नाही, आणि ते प्रत्येकाचे वेगळे झाले. आजीही आपल्या मालिकेत आहे. आजीला आपण गावची विहीर समजतो, केव्हाही पोहरा टाकावा आणि गोष्ट काढावी. पण विहिरीलाही झरे लागतात, आणि आजीला विचारणारे नातवंड लागते.

मग यंत्रातून गोष्ट ऐकली तर बिघडते काय? शब्द तेच, चित्रे अधिक सुंदर. या प्रश्नाला आता अंदाजाने उत्तर देण्याची गरज नाही. २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. काही बाळांसमोर चिनी भाषा बोलणारी माणसे बारा वेळा बसली, पुस्तक वाचले, खेळणी दाखवली. दुसऱ्या काही बाळांना तीच माणसे, तेच बोलणे चित्रफितीवर दाखवले. आणखी काहींना नुसता आवाज ऐकवला. पहिल्या बाळांचे कान चिनी ध्वनी ओळखू लागले. बाकीची जिथल्या तिथे राहिली. एवढ्यावर कोणी पडद्यालाच शाप देईल, म्हणून दुसरा प्रयोग सांगतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवे शब्द तीन प्रकारांनी शिकवले : समोर बसून, पडद्यावरून पण त्याच क्षणी मुलाशी बोलत, आणि आधी चित्रित केलेल्या फितीवरून. पहिल्या दोन्हींत मुले शिकली, तिसऱ्यात नाही. हे प्रयोग शब्द शिकण्याविषयीचे आहेत, गोष्टीविषयीचे नव्हेत, याचे भान ठेवले पाहिजे. तरी त्यांतून एवढे निघते की दोष काचेचा नाही; समोरचा माणूस आपल्याला उत्तर देतो की नाही, हे मूल फार लवकर ओळखते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी मार्गदर्शन केले. त्यात वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासापेक्षा अधिक नको, आणि मूल बसलेले असताना मोठ्यांनी त्याला वाचून दाखवावे, गोष्टी सांगाव्यात, असे आहे. आजीचे म्हणणे जिनिव्हाला पोचायला बराच उशीर झाला, पण पोचले.

अलीकडे उत्तर देणारी यंत्रेही निघाली आहेत. मुलाने नाव सांगितले की गोष्टीतल्या राजपुत्राला ते नाव मिळते, ‘वाघ नको’ म्हटले की वाघाचा ससा होतो. हा हुंकार ऐकणारा सांगणाराच नव्हे काय, असे आम्हाला कोणी विचारतील. यंत्र मुलाच्या मर्जीप्रमाणे गोष्ट वळवते, हे खरे. पण वाघ नको म्हणणाऱ्या नातवाला आजी तीन दिवसांनी पुन्हा वाघापाशी नेते, कारण नातू वाघाला भिऊन कायमचा राहावा हे तिला परवडणारे नसते. तिची तीन मोती त्यात गुंतलेली असतात.

टाळेबंदीच्या वर्षी, २०२० मध्ये, शाळा बंद पडल्या आणि पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर ना इंटरनेट ना मोबाईल अशी अवस्था होती. हा जिल्हा म्हणजे ताराबाई आणि अनुताईंच्या कोसबाडचाच. तिथे दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेने ‘बोलकी शाळा’ काढली. कार्यकर्ते ध्वनिक्षेपक घेऊन पाड्यापाड्यावर जात, मुले लांबलांब बसत, आणि आधी मुद्रित केलेले धडे आणि गाणी त्यातून लावली जात. अगदी यंत्रच ते, आणि उत्तर न देणारे यंत्र. त्या मुलांनी त्याचे नाव ठेवले ‘स्पीकरदादा’ आणि ‘स्पीकरताई’. आवाज आला तर त्या आवाजाचा कोणी दादा, कोणी ताई असलीच पाहिजे, एवढे त्यांनी गृहीतच धरले. आणि ती तिथे होतीही. कर्णा वाहून आणणारे कार्यकर्ते मुलांजवळच उभे असत.

तेव्हा ज्यांची नातवंडे पुण्या-नाशिकात नाहीत, न्यू जर्सीत किंवा सिंगापुरात आहेत, त्या आजी-आजोबांनी यंत्राला भिऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. तयार गोष्टीची फीत पाठवू नये. रविवारी सकाळी स्वतः समोर बसावे. न्यू जर्सीत तेव्हा शनिवारची रात्र असते, मूल अंथरुणात असते. त्याची मराठी अर्धी असेल, हुंकार इंग्रजीत येईल, मधे चित्र गोठेल आणि कोल्हा नेमका तोंड उघडे ठेवून अडकेल. अशा वेळी फोन ठेवू नये. थोडा वेळ नुसते थांबावे, पलीकडून ‘मग?’ ऐकू येते.